बाकरबाईंच्या कपाटावरचा कागद

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मंडळी तिशीतली आहेत, रॉटरडॅमला नोकरी करतात आणि मला काका म्हणतात. दर वर्षी गणपतीच्या सुमारास त्यांचा फोन येतो. "काका, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा ना. हलकंफुलकं काहीतरी." चार वर्षं मी टाळलं. यंदा हो म्हणालो तेव्हा पलीकडचा मुलगा इतका खूश झाला की मला त्याची दया आली. गमती सुरुवातीला आहेत. त्या संपल्या की वाचणं थांबवायचं असेल त्यांनी थांबवावं.

मी आर्नहेम या डच शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये सव्वीस वर्षं कोडिंग केलं. हे वाक्य मराठी माणसासमोर उच्चारलं की पुढची दहा मिनिटं वाया जातात. पुण्याहून आलेल्या माणसाला नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टर नवराबायकोचं बारा खाटांचं, बाळंतपणाचं आणि अपेंडिक्सचं इस्पितळ आठवतं. इथलं नर्सिंग होम म्हणजे म्हातारी माणसं जिथे राहायला येतात ते घर. काही जण काही आठवड्यांसाठी, बरेचसे कायमचे. आणि कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरचं नव्हे. "काका, कुठली लँग्वेज?" असं मला ज्यांनी विचारलं त्या मुलांची आता मुलं फुटबॉलला जातात, आणि त्यांचे वडील अजून तेच विचारतात.

काम असं होतं. नवा रहिवासी आला की त्याची एक भली मोठी प्रश्नावली भरायची. जेवतो कसा, चालतो कसा, आठवतं किती, रडतो का. प्रत्येक उत्तराला एक आकडा. त्यातलं हाडांचं पान माझं. कुठलं हाड मोडलं? पडून मोडलं की आतून पोखरून? ऑपरेशन झालं की नुसतंच आराम करायला सांगितलं? आणि ऑपरेशन झालं असेल तर कसलं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर सगळ्यात कमी वेळा मिळणारा.

खुब्याचंच उदाहरण घ्या, कारण आमच्याकडे येणाऱ्यांचा बहुतेक खुबाच मोडलेला असायचा. मोडलेला खुबा सर्जन दोन तऱ्हांनी नीट करतो. एक तर हाडात सळई किंवा स्क्रू घालून मोडलेले तुकडे जोडतो. नाहीतर मोडलेला गोळा काढूनच टाकतो आणि जागी धातूचा बसवतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, मांडीवर एक पट्टी. पण सळईवाल्याला चाला, बसा, वाका म्हणतात. नव्या गोळ्याच्या माणसाला निदान सुरुवातीचे काही आठवडे बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकायचं नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. नाहीतर गोळा खोबणीतून निखळतो. मी पानावर आकडा टाकला की त्याप्रमाणे काळजीचा कागद आपोआप छापून यायचा आणि रहिवाशाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला जायचा. मदतनीस मुली सकाळी दार उघडून तो वाचायच्या आणि तसं करायच्या.

म्हणजे माझ्या एका आकड्यावर एका माणसाची बसायची खुर्ची ठरायची. आणि तो आकडा मी कशावरून टाकायचा? हॉस्पिटलच्या चिठ्ठीवरून. ती चिठ्ठी पुढीलप्रमाणे : "उजवा खुबा. शस्त्रक्रिया झाली. प्रकृती समाधानकारक."

अरे, पण कसली शस्त्रक्रिया? सव्वीस वर्षं मी हे वाक्य भिंतीकडे बघून म्हणालो. सर्जनचा पूर्ण अहवाल नंतर यायचा, कधी आठवड्याने, कधी रहिवासी बरा होऊन घरी गेल्यावर. फोन केला तर आधी संगीत. मग एक बाई सांगायची की हे दुसऱ्या विभागाकडे आहे. मग पुन्हा तेच संगीत, पहिल्यापासून.

बरं, रहिवाशाला विचारावं, तर त्यांची वेगळीच तऱ्हा. एक आजी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की त्या पडल्याच नाहीत, "जरा पटकन बसले." रॉटरडॅमला आयुष्यभर ट्राम चालवलेले एक आजोबा होते. चिठ्ठीत उजवा पाय, ते म्हणे डावा. मी त्यांना दोनदा चिठ्ठी वाचून दाखवली. ते म्हणाले, "डावीकडे वळायचं की उजवीकडे हे आता मला तुमचा कागद शिकवणार?" पट्टी उघडून पाहिली तर आजोबा बरोबर, हॉस्पिटल चूक. एका बाईंच्या मुलीने मोठ्या उत्साहाने फोनवरून एक्स-रेचा फोटो पाठवला. तो घरच्या कुत्र्याचा निघाला. कोपऱ्यात नाव छापलेलं होतं, आणि आमच्या बाईंचं नाव बोबी नव्हतं.

गमती संपल्या.

आमच्या ऑफिसात एक रिवाज होता. रहिवासी आल्यापासून चौदा दिवसांत प्रश्नावली बंद करायची. बंद न झालेल्यांची यादी शुक्रवारी भिंतीवरच्या फळ्यावर लागायची, प्रत्येकासमोर कोडिंग करणाऱ्याचं नाव. माझं नाव त्या फळ्यावर कधी लागलं नाही. याचा मला भयंकर अभिमान होता. संशोधन करायला या देशात आलेला, ते अर्धवट सोडावं लागलेला माणूस मी. कुठेतरी पहिलं यायचं होतं. अहवाल आला नसेल तर खरं म्हणजे "माहिती नाही" असा आकडा टाकायची सोय होती. पण तो टाकला की पान उघडं राहायचं. मग आम्ही अनुभवी लोक अंदाज करायचो. याला आमच्यात अंदाज म्हणत नसत, "नजर" म्हणत.

अकरा वर्षांपूर्वी बाकरबाई आल्या. नाव बदललं आहे. वय चौऱ्याऐंशी, मुलींना शिवणकाम शिकवण्यात आयुष्य गेलेलं. माझा सदरा पाहून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मेनेर जोशी, तुमचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय. बायकोला सांगू नका, तुम्हीच लावा." मेनेर म्हणजे डचमधलं श्रीयुत. त्यांचं एकच ध्येय होतं. आमच्या इमारतीपासून नदीकाठच्या बाकापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं, तिथे बसून कॉफी प्यायची. वॉकर धरून त्या रोज चार पावलं जास्त टाकायच्या आणि किती झाली ते मोठ्याने सांगायच्या.

चिठ्ठी नेहमीचीच. उजवा खुबा, शस्त्रक्रिया झाली. चौदावा दिवस शुक्रवार होता. मी हॉस्पिटलला तीन वेळा फोन लावला, तिन्ही वेळा संगीत ऐकलं. त्या महिन्यातल्या आधीच्या तिघी सळईवाल्या होत्या. मी नजर वापरली. सळईचा आकडा टाकला, पान बंद केलं. कागद छापून आला : हालचालीवर बंधन नाही.

सोमवारी सुनीता माझ्या टेबलापाशी आली. सुनीता त्या मजल्यावरची मदतनीस, सुरिनामची हिंदुस्तानी. तिच्या पणजोबांना भारतातून तिथल्या ऊसमळ्यावर कामाला नेलं होतं. तिची हिंदी आपल्याला चार पिढ्या जुनी वाटते. मला ती भैया म्हणायची आणि शुभदाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, हातच्या शंकरपाळ्यांसाठी दिवाळीची वाट बघायची. तिचं बोलणं मराठीत देतो.

"भैया, बाकरबाईंच्या कागदावर उशीचं काही लिहिलेलं नाही."

"नसेल. सळई आहे."

"पण त्यांना हॉस्पिटलात गुडघ्यात उशी देत होते, असं त्या म्हणतात."

"सुनीता, त्या असंही म्हणतात की हॉस्पिटलात रोज हेरिंग मासा मिळायचा."

"तो शुक्रवारी मिळायचा, असं म्हणाल्या. एकदा विचारून बघा ना."

"कागदावर आहे तसं कर. कागद कशाला लावलाय?"

ती गेली. मी खूप कामात होतो, हे खरं आहे. हुद्द्याने ती माझ्याहून तीन पायऱ्या खालची होती आणि मला शिकवत होती याचा मला राग आला, हेही खरं आहे. त्याच सकाळी आलेल्या टपालात सर्जनचा अहवाल होता. तो माझ्या ट्रेमध्ये पडून होता, पाकीट न फोडलेला. पान बंद झालं होतं ना, मग घाई कसली?

बुधवारी सकाळी साडेदहाला बाकरबाईंचा खुबा निखळला. खुर्चीत बसल्या होत्या, सुनीता शेजारी होती. त्यांचा आवाज आमच्या ऑफिसपर्यंत आला. अँब्युलन्स गेल्यावर मी खाली बसून ट्रेमधलं पाकीट फोडलं. गोळा बदललेला. बंधनं : नेहमीची, सहा आठवडे.

पुढचं मी शक्य तितकं सरळ सांगतो. चूक लक्षात आली की ताबडतोब दुरुस्त करायची, हा आमचा नियमच होता. मी नियम पाळला. पान उघडलं, सळईच्या जागी गोळ्याचा आकडा टाकला, पान बंद केलं. नवा कागद छापला. वर जाऊन बाकरबाईंचं कपाट उघडलं, जुना कागद काढला, नवा चिकटवला. जुना घडी करून खिशात घातला. खोलीत कुणी नव्हतं. हे करताना मी स्वतःला सांगत होतो की बाई दोन दिवसांनी परत येतील तेव्हा कागद बरोबर असायला हवा. तेही खरंच होतं. खऱ्याच गोष्टी एकापुढे एक ठेवत मी तिथवर गेलो.

दुपारी चौकशी झाली. मार्लेन ही आमची विभागप्रमुख, उंच, घाईतली, वाईट नव्हे. तिने कपाटावरचा कागद वाचला. वाकणं नको, बुटकी खुर्ची नको, गुडघ्यांत उशी. तिने सुनीताला विचारलं, "हे वाचलं नाहीस?"

"सकाळी हे नव्हतं," सुनीता म्हणाली. "सकाळी लिहिलं होतं की बंधन नाही."

मार्लेनने मला बोलावलं. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला सुनीता बसली होती, हात मांडीवर. मार्लेनने कागद माझ्यापुढे सरकवला. "क्लॉप्त हेट?" म्हणजे, बरोबर आहे का हे? डच लोक हे दिवसातून पन्नास वेळा विचारतात, भाजीवाल्यापासून नगरपालिकेपर्यंत.

मी कागद वाचला. त्यावरचा शब्द न् शब्द बरोबर होता.

"क्लॉप्त," मी म्हणालो.

कागद कधीपासून बरोबर आहे, हे तिने विचारलं नाही. संगणकात कुठला आकडा कधी बदलला याची नोंद राहते. ती कुणी काढून पाहिली असती तर सगळं दिसलं असतं. पण ती काढायची झाली तर ते काम माझंच होतं, आणि मला कुणी ते सांगितलं नाही. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी टेबलावरचा पेन सरळ केला.

तिच्या फाइलमध्ये लेखी ताकीद गेली : सूचना वाचली नाही, नंतर खोटं बोलली. त्या वर्षी संस्था तिला नर्सच्या शिक्षणाला पाठवणार होती, ते रद्द झालं. करार संपल्यावर तो पुन्हा केला नाही. ती रॉटरडॅमला निघून गेली. बाकरबाई आठ दिवसांनी आल्या. वॉकर पुन्हा काही त्यांना जमला नाही. नदीकाठच्या बाकापर्यंत त्यांना मी दोनदा चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेलो. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "मेनेर जोशी, तुम्ही फार चांगले आहात." पुढच्या वसंतात त्या गेल्या. मी निवृत्त होईपर्यंत फळ्यावर माझं नाव लागलं नाही.

आता हे आत्ताच का? कारण गेल्या जानेवारीत नीउ-व्हेनेपला, जिथे निवृत्तीनंतर आम्ही राहायला आलो, आमच्या घरापासून शंभर पावलांवर मी सायकलवरून पडलो आणि माझा खुबा मोडला. डावा. गोळा बदलला. सहा आठवडे दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये होतो, आणि कपाटाच्या दाराला आतून कागद होता. मी पहिल्याच दिवशी चष्मा मागून तो वाचला. अगदी बरोबर होता. एक फाजील शब्द नाही, एक कमी नाही. रोज सकाळी एकवीस वर्षांची एक मुलगी दार उघडायची, ओळीवर बोट फिरवत वाचायची आणि माझ्या गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. मी एकदा म्हणालो, "आणि हे चुकीचं असेल तर?" ती हसली. "मेनेर, मग मला कसं कळणार?"

घरी आल्यावर मी शुभदाला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे एक सांगायचं राहिलं होतं. तिने ऐकून घेतलं. चहा करायला उठली, केला नाही, परत येऊन बसली.

"तिला शोधायला हवं," मी म्हणालो. "पण कुठे शोधणार? रॉटरडॅम काय लहान आहे?"

"नंबर आहे माझ्याकडे."

"कुणाचा?"

"सुनीताचा. दर दिवाळीला शंकरपाळी पाठवते मी तिला. अकरा वर्षं तुम्ही डबा पोस्टात टाकून येताय. कधी पत्ता वाचलात?"

मी वाचला नव्हता. पत्ते न वाचणारा कोडर. यावर संपादकांना हवं तर हसावं.

मी संस्थेला पत्र लिहिलं. दीड पान, सगळ्या घटना क्रमाने, शेवटी विनंती की सुनीताच्या फाइलमधली ताकीद रद्द करावी आणि तिला तसं लेखी कळवावं. माझा तो जुना घडी केलेला कागद सोबत जोडला. हो, तो मी ठेवला होता. फेकायचं धैर्य झालं नाही, दाखवायचंही झालं नाही. पत्र पाठवण्याआधी तिला दाखवायला हवं होतं. काठी घेऊन आगगाडीने रॉटरडॅम, मग मेट्रो. शुभदा बरोबर होती, मी वाटेत बेत बदलेन अशी तिला शंका होती.

सुनीता आता पन्नाशीची. म्हाताऱ्या माणसांना घरून दिवसभराच्या देखभाल केंद्रात नेणारी छोटी बस चालवते. म्हातारी माणसं सोडली नाहीत, कागद तेवढे सोडले. शुभदाला तिने मिठी मारली. मला म्हणाली, "बसा भैया. त्या खुर्चीत नाही, ती बुटकी आहे. कुठला पाय?"

"डावा."

"गोळा की सळई?"

"गोळा."

तिने आतून दोन उशा आणून उंच खुर्चीवर ठेवल्या आणि मला हाताला धरून बसवलं. मी पत्र दिलं. तिने चष्मा लावून वाचायला घेतलं, माझ्या बोलण्याची वाट न बघता. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर मध्येच ती थांबली.

"हे काय लिहिलंय? 'कागदावर सूचना नसल्यामुळे मदतनिसाने त्यांना बुटक्या खुर्चीत बसवले.'"

"तुझा दोष नव्हताच, तेच लिहिलंय मी पुढे. कागद चुकीचा होता म्हणून..."

"मी बुटक्या खुर्चीत बसवलंच नव्हतं!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शुभदा दचकली. "मी दोन उशा घातल्या होत्या, आत्ता तुम्हाला घातल्या तशा. तुमच्या कागदावर नव्हतं तरी घातल्या. दोन रात्री गुडघ्यांतही उशी दिली. मला भरवसा नव्हता तुमच्या कागदावर. मोजे घालून देते म्हणाले, एक खाली पडला होता, दुसरा आणायला वळले, तेवढ्यात बाकरबाई स्वतःच वाकल्या. पडलेला मोजा उचलायला. शिवणाची बाई, खाली पडलेलं कापड बघवतं का तिला? वाकायचं नाही हे त्यांना पुन्हा पुन्हा बजावायला हवं होतं, ते कागदावर असतं तर मी दारातच बजावलं असतं."

मी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, बुटकी खुर्ची?"

कुणीच सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं मी तिला बुटक्या खुर्चीपाशी उभी पाहत होतो. माफी मागायला लिहिलेल्या पत्रातसुद्धा मी नजर वापरली होती.

"चौकशीत हे सांगितलं नाहीस?" शुभदाने विचारलं.

"सांगितलं दीदी. पहिलंच वाक्य खोटं ठरल्यावर पुढची कोण ऐकतं?"

ती उठली, ड्रॉवरमधून पेन आणलं आणि पत्र माझ्यापुढे ठेवलं. "दुरुस्त करा."

"घरी जाऊन नवीन टाइप करतो. स्वच्छ."

"नाही. नवीन नको." तिने बोट त्या ओळीवर ठेवलं. "कागदाची दुरुस्ती कशी करतात ते नव्या मुलींना तुम्हीच शिकवायचात. मीही शिकलेय."

शिकवायचो खरं. चुकलेलं खोडून काढायचं नाही, झाकायचं नाही, पान बदलायचं नाही. त्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही, तारीख, वेळ.

मी रेघ मारली. ती सांगत गेली, मी वर लिहीत गेलो. दोन उशा घालून उंच केलेली खुर्ची. मदतनिसाच्या स्वतःच्या निर्णयाने. रहिवासी मोजा उचलण्यास वाकली. अक्षर बारीक करावं लागलं, जागा पुरेना. सही केली, तारीख घातली.

"वेळ," ती म्हणाली.

घड्याळ पाहून वेळ घातली. तिने पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, बोट फिरवत. मी थांबलो. शुभदाही थांबली.

"क्लॉप्त," सुनीता म्हणाली, आणि पाकीट शोधायला उठली.

पत्र त्याच दिवशी तिच्या गल्लीच्या टोकाच्या पेटीत टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी फोन लावतो आणि संगीत ऐकतो. या लेखात बाकीची नावं बदलली आहेत. सुनीताचं नाव खरं आहे. तिला विचारून ठेवलं आहे, आणि छापायच्या आधी हा लेख तिला ओळ न् ओळ वाचून दाखवला आहे.